मुलुंडची मुलगी

मला बघायला येणारी माणसं मुलुंडला उतरणार होती आणि आम्ही राहत होतो भांडुपला. हा घोळ माझ्या आईने घातला होता, आणि तोही पूर्ण शुद्धीवर असताना.

त्याचं असं झालं. त्याआधीच्या वर्षात मला दोन स्थळांनी नकार दिला होता. पहिल्यांनी पत्रिका जमत नाही म्हणून कळवलं. दुसऱ्यांनी निदान खरं तरी सांगितलं, की मुलगी बरी आहे, नोकरीला आहे, पण भांडुपला टेकडीवरच्या चाळीत सोयरीक कोण करणार? आणि हे म्हणणारे राहायला कुठे, तर विक्रोळीला. विक्रोळीने भांडुपला नाक मुरडायचं! मी दोन दिवस नुसती धुमसत होते. आई मात्र मोरीत नळ सोडून रडली. नळाला पाणी दिवसातून दीडच तास यायचं, तेही तिने वाहू दिलं, त्यावरून काय ते समजा.

मला लग्नाची फार घाई होती असं नाही. घाटकोपरला औषधांच्या एका होलसेलरकडे मी टायपिस्ट होते, दिवस मजेत जात होते. पण आपण जिथे वाढलो त्या जागेचं नाव ऐकून समोरच्याने तोंड वाकडं करावं, हे मला लागलं होतं. मला असं घर हवं होतं, की जिथे मी "भांडुपची" म्हणून ताठ मानेने जाईन. हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "ताठ मान घेऊन घरात बसशील जन्मभर."

मग प्रेमा मावशीने तिसरं स्थळ आणलं. प्रेमा मावशी आईची मावसबहीण, लग्नं जमवण्यात पटाईत. मुलगा चेंबूरचा, एकुलता एक, कारखान्यात मशीनवर, पर्मनंट. नाव चंद्रप्रकाश धोंडिराम परब. नाव ऐकूनच मला हसू फुटलं होतं. "मुलीकडचं काय सांगू?" मावशीने विचारलं आणि आईने क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "मुलुंड सांग."

आता मुंबईत हे काही नवीन नाही. जोगेश्वरीचा माणूस गावाला पत्र लिहिताना अंधेरीला राहतो, दहिसरचा बोरिवलीला. पण बाबा भडकले. माझे बाबा, गुणाजी तावडे, परळच्या गिरणीत बावीस वर्षं होते. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच. तेव्हा भांडुपच्याच एका वर्कशॉपने त्यांना स्टोअरमध्ये घेतलं.

"ज्या गावाने आपल्याला भाकरी दिली त्याचं नाव लपवायचं?" बाबा म्हणाले. "आणि माणसं बिचारी कुर्ल्याहून येणार, भांडुप मागे टाकून मुलुंडला जाणार, तिथून मी त्यांना परत भांडुपला आणणार. काखेत कळसा आणि गावाला वळसा."

"वळसो तर वळसो," आई म्हणाली. आई मालवणची, इरेला पेटली की मालवणीत शिरायची. "माज्या चेडवाचा लगीन होऊक होया."

तिची तयारी बघून तर मी थक्क झाले. आदल्या रविवारी ती बाबांना घेऊन मुलुंडला गेली आणि तिथून घरापर्यंत रिक्षाने चक्क रंगीत तालीम करून आली. आग्रा रोडवर भांडुपचं नाव लिहिलेल्या तीन पाट्या लागतात असा शोध तिला लागला. एक भुसार दुकान, एक दवाखाना, एक व्यायामशाळा. तिन्ही डाव्या हाताला. तेव्हा बाबांनी रिक्षात बसल्यापासून पाहुण्यांना उजवीकडचंच काहीतरी दाखवत राहायचं असं ठरलं.

"उजवीकडे काय आहे?" बाबांनी विचारलं.

"कारखान्यांच्या भिंती असत. त्या दाखवा."

शहाऐंशी सालचा डिसेंबर. रविवार. पाहुणे साडेचारला यायचे होते. बाबा तीन वाजताच कुरकुरत, पांढरी टोपी घालून, काखेत छत्री मारून मुलुंडला निघाले. पाऊस नाही पाणी नाही, पण छत्रीशिवाय बाबा कुठे जात नसत. घरी आईने पोहे भिजवले आणि वर घालायला नारळ फोडला, तो निघाला कुजका.

"गो बाय, आता पोह्यांवर काय घालू?" आईने कपाळाला हात लावला. खोबऱ्याशिवाय पोहे म्हणजे आमच्यात पाहुण्यांचा अपमानच. आमच्या बाजूची दुकानं रविवारी दुपारी बंद. पूर्वेला पुलाखाली एक मंगळुरी दुकानदार होता, तो तेवढा उघडा असायचा. एरवी बघायला येणार त्या दिवशी मुलीला कोणी बाहेर सोडत नाही, पण दुसरं कोण होतं? मी घरातल्या जुन्या साडीवर, केसांना नुसता चाप लावून, पिशवी घेऊन पळाले. स्टेशनचा पूल ओलांडायचा म्हणून पास तेवढा कमरेला खोचला.

नारळ घेतला, कानाशी हलवून बघितला, कोथिंबीर घेतली आणि पुलावरून परत प्लॅटफॉर्मवर उतरले. मुलुंडकडे जाणारी एक डाऊन गाडी नुकतीच गेली होती. रविवारची दुपार, प्लॅटफॉर्म रिकामा. फक्त जिन्याजवळच्या बाकावर तीन माणसं. एक बाई गुडघे चोळत बसलेल्या, एक टोपीवाले गृहस्थ उभे, आणि चौकडीच्या शर्टातला एक तरुण मान खाली घालून आपल्या बुटांकडे बघत असलेला. गृहस्थ त्याला झापत होते.

"पाटी वाचता येत नाही तुला? भांडुप लिहिलंय. भां-डु-प!"

"सवयीने उतरलो," तो तरुण बुटांना म्हणाला.

बाईंनी मला हाक मारली. "अगं बाळ, मुलुंडला जायची गाडी आता कधी गं? आम्ही चुकून उतरलो. ह्याची कंपनी इथेच आहे ना, आग्रा रोडला. रोज इथे उतरतो, तसा आजही उठला आणि आम्हालाही उतरवलं."

"वीसेक मिनिटं लागतील, रविवार आहे," मी म्हटलं आणि निघणार, तोच गृहस्थ म्हणाले, "तिथे कोणी गुणाजी तावडे आम्हाला न्यायला आलेत. ताटकळत असतील बिचारे."

म्हणजे हेच ते परब. हातातली पिशवी मी पाठीमागे घेतली. का घेतली कोण जाणे, नारळावर काही माझं नाव नव्हतं. त्यांनी माझा फोटो पाहिला होता, पण तो स्टुडिओतला, शालूत, पावडर लावून काढलेला. ही विस्कटलेल्या केसांची बाई आणि ती फोटोतली नवरी एकच, हे त्यांच्या ध्यानात यायचं काही कारण नव्हतं. गुपचूप सटकता आलं असतं.

मी दोन पावलं गेलेही. पण डोक्यात चक्र सुरू झालं होतं. आईची रिक्षा ज्या भिंतींसमोरून जाणार होती, त्यातलीच एक भिंत ह्याच्या कंपनीची. बाबा त्याला त्याचीच कंपनी दाखवणार! म्हणजे वाट लागलीच होती, फक्त तासाभराने लागायची होती. तेही एक वेळ सोडा. पण त्या बाई गुडघे चोळत नवऱ्याला सांगत होत्या, "कुर्ल्याचा पूल चढता-उतरता जीव गेला माझा. आता मुलुंडला आणखी चालायचं नसलं म्हणजे मिळवली." आमची चाळ तिथून पंधरा मिनिटांवर होती. आणि ह्या बाईंना मी पुढच्या स्टेशनला पाठवून, खड्ड्याखड्ड्यांतून हाडं खिळखिळी करत परत इथेच आणणार होते. कशासाठी? तर मी भांडुपची आहे हे कळू नये म्हणून. मला स्वतःचीच लाज वाटली. आणि लाज वाटली की मला राग येतो, आणि राग आला की मी बोलते.

मी मागे फिरले. "मावशी, मुलुंडला जाऊ नका," मी म्हटलं. "तुम्ही जिला बघायला निघालात ती इथे भांडुपला राहते. वर टेकडीच्या अंगाला चाळ आहे. ती मीच. कुंदा."

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "फोटोत गोरी दिसतेस," त्या म्हणाल्या.

"फोटोग्राफरने पावडर थापली होती."

तरुणाने पहिल्यांदा मान वर केली. हसू दाबताना त्याचे गाल थरथरत होते. त्याच्या वडिलांना मात्र हसू येत नव्हतं. ते म्हणाले, "म्हणजे प्रेमाबाईंनी आम्हाला फसवलं?"

"मावशीने नाही, आम्ही. भांडुप म्हटलं की लोक नाही म्हणतात, म्हणून आईने मुलुंड सांगितलं. माझ्या बाबांना हे मान्य नव्हतं. मलाही नव्हतं, पण मी गप्प बसले, ती माझी चूक."

"सोयरीक जोडायची आणि सुरुवातच खोट्याने?" धोंडिराम परब ताठ झाले. "आम्ही सरळ माणसं आहोत. चेंबूरला तीस वर्षं राहतोय, कोणी बोट दाखवलेलं नाही. चल गं. परतीची तिकिटं काढू."

खरं तेच बोलत होते ते. डोळ्यांत पाणी येतंय असं वाटलं, म्हणून मी कोथिंबीर नीट करायला लागले. सोनूबाई, म्हणजे त्या बाई, कण्हत उठल्या. तिकिटाची खिडकी फाटकाबाहेर, म्हणून तिघंही फाटकाकडे निघाले. माझाही रस्ता तोच, म्हणून मी आपली चार पावलं मागून. आईला काय सांगायचं ह्याचा विचार करत होते.

फाटकात टीसी उभा होता. रविवारी सहसा नसायचा, पण त्या दिवशी होता.

"तिकीट?"

धोंडिरामकाकांनी खिशातून दोन तिकिटं काढून एकदम त्याच्या मुठीत कोंबली. टीसीने मूठ उघडली, चष्मा वर केला आणि सगळ्या स्टेशनला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, "गोवंडी ते मुलुंड. दोन. अहो, मग इथे कुठे उतरलात? मुलुंड पुढचं स्टेशन." मग तरुणाचा पास बघून म्हणाला, "गोवंडी ते भांडुप. हा बरोबर आहे."

धोंडिरामकाकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. टीसी बिचारा एकेकाच्या तोंडाकडे बघायला लागला, आपलं काही चुकलं का म्हणून.

मला खरं तर गप्प बसता आलं असतं. आईने पन्नासदा बजावलं होतं, पाहुण्यांसमोर तोंड उघडू नकोस. पण पाहुणे घरी कुठे आले होते अजून?

"काका," मी विचारलं, "चेंबूर आणि गोवंडीमध्ये किती स्टेशनं?"

काका भिंतीवरचं वेळापत्रक वाचत होते.

"एकही नाही," तरुणानेच उत्तर दिलं. "चेंबूरनंतर गोवंडीच."

"आमचंही तसंच. भांडुपनंतर मुलुंडच."

पहिल्या हसल्या त्या सोनूबाई. साध्या नाही, फाटकाचा कठडा धरून हसल्या. "मी म्हणत होते ह्यांना," त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "म्हणत होते, खरं सांगा. पण आधीच्या दोन मुलीवाल्यांनी गोवंडी नाव ऐकूनच पाय मागे घेतला. कचऱ्याच्या डेपोशेजारी मुलगी द्यायची का म्हणाले. माझं घर बघायला तरी यायचं होतं मेल्यांनी. आरशासारखं ठेवते मी." बोलता बोलता त्यांचा आवाज कापरा झाला, आणि मला आमच्या मोरीतला सोडलेला नळ आठवला. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, त्या अशा.

"दोनच नकार ना?" मी म्हटलं. "आम्हालाही दोनच."

"मग झाली फिट्टंफाट," टीसी म्हणाला. त्याला काय कळलं होतं देव जाणे.

धोंडिरामकाकांनी टोपी काढली, डोकं पुसलं, परत घातली. "पोहे केलेत का?" त्यांनी विचारलं.

"खोबरं घालायचं राहिलंय," मी नारळ दाखवला.

आता एकच अडचण होती. बाबा तिकडे मुलुंडला उभे होते. "मी घेऊन येतो त्यांना," चंद्रप्रकाश म्हणाला. पुढच्या गाडीला अजून दहा मिनिटं होती, तो मुलुंडचं तिकीट काढून आला. "ओळखू कसं?"

"डिसेंबरात छत्री घेऊन एकच माणूस उभा असेल. आणि त्याचं तोंड खोटं बोलायला लावल्यासारखं असेल."

मी दोघांना घेऊन चाळीकडे निघाले. सोनूबाई माझ्या खांद्यावर हात ठेवून चढण चढल्या. आई दारातच होती. नवी साडी, नाकात नथ, पाठ केलेलं वाक्य ओठांवर. माझ्याबरोबर पाहुणे का आहेत, बाबा कुठे आहेत, असलं काही तिच्या डोक्यात शिरायच्या आत वाक्य बाहेर पडलं. "या, या. मुलुंडहून येताना त्रास नाही ना झाला? आमचं घर जरा स्टेशनपासून लांब पडतं."

"आई," मी म्हटलं, "भांडुपला उतरलेत ते. सगळं सांगितलंय मी."

आईचा चेहरा असा पडला की मला तिला मिठीच मारावीशी वाटली. पण सोनूबाई पुढे झाल्या आणि तिचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "विहीणबाई, आम्ही पण चेंबूरचे नाही हो. गोवंडीचे आहोत." आई मट्‌कन उंबऱ्यावरच बसली. बसल्या बसल्या म्हणाली, "मगे माजे रिक्षाचे पैशे फुकट गेले की काय?"

बाबा आणि चंद्रप्रकाश यायला तब्बल दीड तास लागला. आम्ही काळजीत, आणि हे दोघं हसत हसत चढण चढून येतायत. मुलुंडला वडे खाल्ले, चहा प्याले, गाडी सोडली, कुठल्या कंपनीत कोणतं मशीन आहे ह्यावर गप्पा मारल्या. बाबांची छत्री चंद्रप्रकाशच्या काखेत होती. बाबांनी चपला काढल्या न काढल्या तोच सांगून टाकलं, "मुलगा मला पसंत आहे. बाकीच्यांनी आपापलं बघून घ्या."

मला आत पोह्यांची बशी भरून बाहेर आणायची होती, तसा रिवाजच आहे. पण एव्हाना सगळ्यांनी मला नारळ खवताना, खोबरं चाखताना, आईशी वाद घालताना पाहिलं होतं. तरी आईने मला आत ढकललं, डोक्यावर पदर घ्यायला लावला आणि परत बाहेर आणलं. सोनूबाईंनी रीतीप्रमाणे विचारलं, "नाव काय बाळ तुझं?" आणि सगळी खोली हसायला लागली.

वैशाखात लग्न झालं. पत्रिकेचा मजकूर बाबांनी स्वतः लिहिला. "तावडे, भांडुप" आणि "परब, गोवंडी", दोन्ही ठळक अक्षरांत. खाली आणखी एक ओळ घातली: "पाहुण्यांनी कृपया भांडुपलाच उतरावे." आईने पत्रिका वाटल्या सगळ्या, पण प्रत्येकाला देताना सांगायची, "गोवंडी म्हणजे तसं चेंबूरच." ती काही सुधारायची नाही.

आठ-दहा दिवसांनी आम्ही दोघं पहिल्यांदा माहेरी निघालो. पुन्हा रविवार, डबा जवळजवळ रिकामा. कांजूरमार्ग सुटलं तसे हे उठून दाराशी जायला लागले.

"अहो, बसा की. वेळ आहे अजून."

"सवय," हे म्हणाले.

"त्या दिवशीही सवयच ना?"

हे बुटांकडे बघायला लागले, अगदी त्या दिवशी बघत होते तसे. मग खिशातून पासाचं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. पासाच्या मागे माझा फोटो होता, तोच स्टुडिओतला. मी उलटा केला. मागे प्रेमा मावशीच्या अक्षरात लिहिलेलं, "कु. कुंदा गुणाजी तावडे, मुलुंड." मुलुंडवर पेन्सिलीने रेघ मारलेली आणि खाली दुसऱ्या अक्षरात, "भांडुप."

"हे कधी लिहिलंत?"

"फोटो हातात आला त्या दिवशी. चार वर्षं रोज सकाळी फाटकातून बाहेर पडताना बघत होतो तुला. तू आत यायचीस, मी बाहेर जायचो. कधी पाठीमागच्यांशी भांडत असायचीस, कधी गजरेवालीशी. पावडर लावली म्हणून ओळखणार नाही होय?"

"मग त्या दिवशी मुद्दाम उतरलात? आईबाबांना घेऊन?"

"म्हटलं, भांडुपला उतरू आणि तावड्यांची चाळ विचारू. काय व्हायचं ते तिथेच होऊ दे. मुलुंडची मुलगी बघायला जायचंच नव्हतं मला."

"आणि गोवंडी का नाही सांगितलंत आधीच?"

"घाबरलो," हे म्हणाले. "तू नाही म्हणाली असतीस तर?"

फोटो मी पासाच्या मागे परत होता तसा ठेवला आणि पाकीट ह्यांच्या खिशात घातलं. मग भांडुप आलं, आणि आम्ही उतरलो.